जुन्या रिळांवरचे डाग किती पुसायचे?

माशेलवासी:
घरातली ८ मिमी फिल्मची मूक रिळं स्कॅन करून आणली. एकात आपल्या गोव्यातल्या माशेलचा चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव आहे. आषाढी द्वादशी, देवकीकृष्णाच्या देवळासमोरचं मैदान, वर धो धो पाऊस. स्कॅन करणाऱ्यांनी सॉफ्टवेअरने ‘स्वच्छ’ केलेली प्रतही दिली. त्यात पाऊस जवळजवळ नाहीसा झालाय, चिखलाचे शिंतोडेही गेले. धुळीचा कण एकाच फ्रेमवर असतो, मागच्या-पुढच्या फ्रेमवर नसतो. सॉफ्टवेअर नेमकं तेच हुडकतं आणि शेजारच्या फ्रेममधला तुकडा तिथे बसवतं. सेकंदाला १६ फ्रेम असल्यावर थेंबसुद्धा एकाच फ्रेममध्ये येऊन जातो. अशी आपोआप सफाई जुन्या रिळांवर करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

सांतइनेजकर:
अजिबात पटलं नाही. आपल्या दमट हवेत कपाटात पडून रिळांना बुरशी लागते. ती काही कॅमेरा धरणाऱ्याने काढलेली नाही, मग तिला ठेवा म्हणून का जपायचं? आमच्या आईला तिचे वडील डागांआडून ओळखूच येत नव्हते. साफ केलेल्या प्रतीत तिने त्यांना लगेच ओळखलं. मला तेवढं पुरे आहे.

माशेलवासी:
आईंचा आनंद मला कळतो. पण बुरशीने इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, खाल्लं असेल तर तिथे चित्रच उरलेलं नसतं. तिथे भरलं जातं ते अंदाजाने. आजोबांच्या गालावर तो अंदाज चालेल?

सांतइनेजकर:
शेजारच्या फ्रेममध्ये गाल शाबूत असेल तर तो त्यांचाच गाल आहे. आणि मिनिटाला ९६० फ्रेम होतात, त्या हाताने कोण तपासणार? घरच्या रिळासाठी एवढा वेळ आणि पैसा कुणाकडे आहे?

डिचोलकर:
मी हेच काम करतो. दोघेही सॉफ्टवेअरवरून भांडताय, पण निम्मी सफाई त्याआधीच व्हायला हवी. रीळ हाताने पुसायचं, मग जमल्यास द्रवात बुडवून स्कॅन करायचं. बेसच्या, म्हणजे चित्राच्या थराखालच्या पारदर्शक पट्टीच्या बाजूचे ओरखडे त्या द्रवाने भरतात आणि दिसेनासे होतात; इमल्शन खरवडलं असेल तर मात्र इलाज नाही. रंगीत फिल्मवर इन्फ्रारेडने धूळ वेगळी ओळखता येते, कारण रंग त्या किरणांना अडवत नाहीत आणि धूळ अडवते. कृष्णधवलमध्ये चित्र ज्याचं बनलेलं असतं ती चांदीच किरण अडवते, तिथे ही युक्ती लागू नाही. कोडाक्रोम या जुन्या रंगीत फिल्मवरही भरवशाची नाही. त्यानंतर सॉफ्टवेअर, तेही बेताने. मुंजीच्या दृश्यावर खुशाल चालवा. पाऊस, शिमग्यातला गुलाल, शिरगावच्या होमकुंडाच्या ठिणग्या असतील तिथे बंद ठेवा.

माशेलवासी:
म्हणजे कुठे बंद ठेवायचं ते ठरवायला माणूसच बसायला हवा. मी तेच म्हणतोय.

सांतइनेजकर:
कच्चं स्कॅन मी जपून ठेवलंय, पण घरच्यांना स्वच्छ प्रतच दाखवणार, त्यात बदल नाही. डिचोलकर बाब, एक विचारायचं राहिलं. उरलेल्या रिळांच्या डब्यांना व्हिनेगरसारखा वास येतोय.

डिचोलकर:
मग सफाईचा वाद बाजूला ठेवा. तो अ‍ॅसिटेट बेस कुजल्याचा वास आहे. कुजणं थंडाव्याने मंदावतं, उलटत नाही. ते डबे आजच बाकीच्यांपासून वेगळे करा आणि रीळ आक्रसायच्या आत स्कॅनला द्या.