घरच्या वर्कशॉपला टॉर्क स्क्रू ड्रायव्हर: स्वस्तातला घ्यावा की घेऊच नये?

आटेमोड्या (राजेंद्र नगर, इंदूर)
टॉर्क ड्रायव्हर म्हणजे ठरवलेला पिळाचा जोर (टॉर्क, न्यूटन मीटरमध्ये) भरला की क्लिकने सांगणारा स्क्रू ड्रायव्हर. मत आधीच सांगून टाकतो. इंदूरच्या सियागंज बाजारात मिळो की ऑनलाइन, स्वस्तातला सेटिंग बदलता येणारा ड्रायव्हर घरी पुरतो. फक्त ब्रँडच्या आधी रेंज बघा. घरात कसायचं काय असतं? एमसीबीचे (बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या खटक्यांचे) टर्मिनल साधारण 2 ते 2.5 न्यूटन मीटर (नक्की आकडा एमसीबीच्या अंगावर किंवा खोक्यातल्या कागदावर असतो), एम4 चा (4 मिलिमीटर जाडीचा) 8.8 ग्रेडचा बोल्ट 3 च्या जवळपास, सायकलच्या स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) एम5 बोल्ट 5 च्या आसपास. हे सगळं 1 ते 6 च्या ड्रायव्हरात बसतं. स्वस्त मालावर बहुधा इंच-पाउंड असतात, 0.113 ने गुणा: 10 ते 70 म्हणजे 1.1 ते 7.9 न्यूटन मीटर. लॅपटॉपचे एम2 स्क्रू 0.3 वाले, ते याचं कामच नाही. क्लिकवाल्या हत्याराचा खालचा 20 टक्के भाग भरवशाचा नसतो. एकाच ड्रायव्हरवर ‘0.3 ते 6’ छापलेलं दिसलं तर दुकानदाराला नमस्कार करा आणि पुढच्या दुकानात जा.

पीथमपूर_क्यूसी
नाही पटत. हाताने कसणारा निदान जपून कसतो. क्लिक ऐकू आला की माणूस विचार करणं सोडतो. आयएसओ 6789 (टॉर्क हत्यारांचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे टॉर्क ड्रायव्हरला ±6 टक्के सूट आहे, आणि बनवणाऱ्याने वेगळं सांगितलं नसेल तर 12 महिने किंवा 5000 वेळा वापर, जे आधी होईल तेव्हा पुन्हा कॅलिब्रेशन (आकडा तपासून जुळवणं). आता स्वस्त खोक्यातला कागद वाचा. सिरियल नंबर आहे का? तोच दांड्यावर कोरलाय का? 20, 60 आणि 100 टक्क्यांवरची रीडिंग दिलीत का? नसतील तर ते प्रमाणपत्र नाही, शुभेच्छापत्र आहे. पैसे साठवा आणि वेरा किंवा विहा या ब्रँडचा घ्या.

आटेमोड्या
साहेब, तुमची लाइन गाड्यांची आहे, आमचा बोर्ड आठ एमसीबींचा. टर्मिनलला 2 च्या जागी 1.85 बसला तर काही जळत नाही. जळतं ते एक 1.2 वर आणि शेजारचा 3.5 वर कसल्याने. आकडा थोडा सरकलेला असला तरी आठही एकसारखे कसले जातात, हेच मोठं काम.

महाराणी_रोड_वायरिंग
दोघेही आकड्यांवर भांडताय, बिघडतं भलतीकडेच. एमसीबीचा स्क्रू बऱ्याचदा पोझीचा (पोझीड्राइव्ह, फुलीसारखाच पण वेगळा) असतो, मधे सरळ खाचही असते. त्यात साध्या फुलीचं (फिलिप्स) पीएच2 बिट घातलं की ते चढून बाहेर येतं आणि 2 न्यूटन मीटर होण्याआधीच स्क्रूचं डोकं खातं. पोझीचंच पीझेड2 घ्या. मल्टीस्ट्रँड वायरला फेरूल (टोकाची धातूची टोपी) दाबा. टोकाला शिसं (सोल्डर) लावून स्क्रूखाली देऊ नका. शिसं दाबाखाली हळूहळू सरकतं, टर्मिनल ढिला पडतो, तापतो, काळा पडतो. तिथे टॉर्क कितीही अचूक असो, उपयोग शून्य.
आणि हे ड्रायव्हर बहुतेक उघड्या लोखंडी दांड्याचे. एमसीबीचा खटका खाली पाडला तरी तिच्या इनकमिंग टर्मिनलला करंट असतोच. मेन बंद करा, टेस्टरने बघा, मग हात घाला.

रामबागी
इतकं कशाला? कॉर्डलेस ड्रिलच्या क्लचवर 5 नंबर ठेवा, झालं.

पीथमपूर_क्यूसी
दादा, क्लचवरचा 5 म्हणजे 5 न्यूटन मीटर नव्हे, ती फक्त पायरी आहे. वेग जास्त असला की फिरत्या चकचा (बिट धरणाऱ्या जबड्याचा) झटका स्क्रूला वरून बसतो. लाकडाला ठीक, पितळेच्या टर्मिनलचे आटे मात्र जातात.

सुदामा_नगर_सायकल
हँडलचा कोणी विचारच केला नाही! 30 मिलिमीटर जाडीच्या सरळ मुठीवर 2 न्यूटन मीटरला मुठीच्या पृष्ठभागावर साधारण 14 किलोचा फिरवणारा जोर लागतो, 5 ला 34 किलोचा. घामेजलेल्या हाताने ते होत नाही. मूठ घसरते, बिट तिरकं होतं. सायकल करायची असेल तर आडवी दांडी लावता येणाराच घ्या. नुसतं स्टेमच कसायचं असेल तर 5 वर कायमचा बांधलेला टी-हँडल सगळ्यात स्वस्त. स्टेमवर छापलेला आकडा मात्र आधी वाचा.

आटेमोड्या
हे मान्य. क्यूसी साहेबांचा कागद नसेल तर घरचा उपाय आहे. बिटच्या षटकोनी दांड्यावर पाव इंची रिंग पाना चढवा आणि ड्रायव्हर आडवा धरा. पान्यावर केंद्रापासून 20 सेंटिमीटरवर वजनकाट्यावर मोजलेली 1 किलोची पाण्याची बाटली टांगा. पाना आडवा असताना हा 1.96 न्यूटन मीटर होतो. सेटिंग 1.8 वर ठेवलं तर बाटली न उचलता क्लिक व्हायला हवा, 2.2 वर क्लिक न होता बाटली उचलली जायला हवी.

पीथमपूर_क्यूसी
पद्धत बरी, दोन भोकं आहेत. पान्याचं स्वतःचं वजन: 60 ग्रॅमचा पाना आणि त्याचा तोल 10 सेंटिमीटरवर धरला तरी 0.06 वाढतो, म्हणजे 3 टक्के. दुसरं, बाटली दांड्याला खाली वाकवते आणि ते घर्षण क्लिकमध्ये मिसळतं. ड्रायव्हरचं नाक व्ही-ब्लॉकवर (व्ही खाचेच्या ठोकळ्यावर) टेकवा. मोजायच्या आधी पाच क्लिक रिकामे मारा, सेटिंग नेहमी खालून वर आणा, काम झालं की सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. त्याच्याही खाली मात्र उघडू नका. आणि क्लिक झाला की थांबायचं! ‘अजून एकदा’ म्हणून दुसरा क्लिक मारला की टॉर्क वाढलेलाच असतो.

महाराणी_रोड_वायरिंग
म्हणूनच क्लिकपेक्षा घसरणारा घ्या, टॉर्क भरला की आतला कॅम सुटतो आणि मूठ नुसती फिरते. नवशिक्याच्या हातात तोच द्यावा.

पीथमपूर_क्यूसी
त्यात तुमच्याशी वाद नाही. पण बिनकागदाचा घसरणाराही मी घेणार नाही.