मनूची होडी, नूहची नौका आणि जगबुडी: पुराणकथा की खरंच घडलेलं?

पाणवठा:
नमस्कार मंडळी. गेले आठ दिवस आमच्या घरात जेवताना हाच विषय चालूय म्हणून इथे विचारतेय. बाबा ७४ वर्षांचे, रोज प्रवचन ऐकतात, त्यांना कुणीतरी व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला की मनू, बायबलमधला नोआ, कुराणातले नूह आणि इराकमधली एक जुनी गोष्ट या सगळ्यांत एकच प्रलय आहे, म्हणजे तो झालाच असणार. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो सगळ्या भाकडकथा. मला दोघांचंही पटत नाही. इतकी सारखी गोष्ट इतक्या लोकांकडे आली कुठून? आणि काही पुरावा असेल तर तो नेमका कसला? कुणाची श्रद्धा दुखवायची नाहीये, पण बाबांना काहीतरी नीट सांगायचंय.

मातीची_वीट:
ताई, सुरुवात इराकपासूनच करा, कारण लिखित पुरावा सगळ्यात जुना तिथलाच आहे. ३ डिसेंबर १८७२ ला लंडनमध्ये जॉर्ज स्मिथने एका सभेत निनवेहून, म्हणजे इराकमधल्या एका प्राचीन शहरातून, आलेल्या मातीच्या पाटीचं वाचन केलं. हा माणूस मुळात नोटांच्या छपाईचे ठसे कोरणारा कारागीर, क्युनिफॉर्म, म्हणजे मातीत पाचरीसारखे ठसे उमटवून लिहायची तिथली जुनी लिपी, स्वतःच शिकला. त्या पाटीत देव पूर आणायचं ठरवतात, एकाला होडी बांधायला सांगतात, होडी डोंगराला लागते आणि मग तो पाणी ओसरलं का बघायला आधी कबुतर सोडतो, मग पाकोळी, मग कावळा. बायबलमध्येही कावळा आणि कबुतर आहेतच. इतका बारीक तपशील दोन ठिकाणी आपोआप जुळत नाही, ती गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे गेलेली आहे. त्याच्याही आधीची अत्राहासिस नावाच्या नायकाची पुराची कथा साधारण इ.स.पू. १७०० ची, तिच्यात तर कारण असं की माणसांच्या गोंगाटाने एन्लिल देवाला झोप लागत नव्हती.

आता खोदकामाचं. १९२९ मध्ये लिओनार्ड वुली या उत्खनन करणाऱ्या संशोधकाला इराकमधल्याच प्राचीन उर शहराखाली आठ फुटांहून जाड स्वच्छ गाळाचा थर सापडला, त्यात खापराचा एक तुकडा नाही, आणि त्याच्या खाली परत जुनी वस्ती. सगळीकडे बातमी झाली की प्रलय सापडला. पण शुरुप्पाकला, म्हणजे कथेतल्या नायकाचं जे गाव सांगतात तिथे, जो पुराचा थर आहे तो इ.स.पू. २९०० च्या सुमाराचा, उरचा त्याच्याही बराच आधीचा, आणि उरजवळच्याच एरिडूमध्ये असा थर मिळालाच नाही. म्हणजे पूर खरे, पण वेगवेगळे आणि त्या त्या गावापुरते.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तैग्रिस-युफ्रेटिसला पूर येतो तो वसंतात, तुर्कस्तानच्या डोंगरातला बर्फ वितळला की, नेमकं शेतातलं पीक कापणीला आलेलं असताना. नाईलचा पूर उन्हाळ्यात, शेतं मोकळी असताना यायचा आणि सुपीक गाळ देऊन जायचा. म्हणून इजिप्तमध्ये पूर म्हणजे वरदान आणि इराकमध्ये पूर म्हणजे देवाचा कोप. ज्याला नदीने जसं वागवलं तशी त्याची गोष्ट झाली.

अनुष्टुभ:
मनूच्या बाजूने थोडं लिहितो. आपल्याकडची सगळ्यात जुनी सविस्तर कथा शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात आहे आणि ती अगदी छोटी आहे. सकाळी मनूला हात धुवायला पाणी आणून दिलं, तर ओंजळीत एक इवलासा मासा आला. म्हणाला मला सांभाळ, मी तुला तारीन. कशापासून? तर ओघ येणार आहे, तो सगळ्यांना वाहून नेणार. मग मासा आधी घड्यात, मग खड्ड्यात, मग समुद्रात. मोठा झाल्यावर त्याच्या शिंगाला होडीची दोरी, आणि उत्तरेच्या डोंगरावर झाडाला होडी बांधून पाणी उतरेल तसतसं खाली यायचं. त्या उताराला 'मनोरवसर्पणम्' असं नावसुद्धा दिलंय.

आता यात काय नाही ते बघा. विष्णूचं नाव नाही, कुणाचं पाप नाही, पाऊस नाही, प्राण्यांच्या जोड्या नाहीत. महाभारताच्या वनपर्वात येईपर्यंत सप्तर्षी आणि बी-बियाणं होडीत चढतं आणि मासा सांगतो की मी प्रजापती ब्रह्मा. मत्स्यपुराणात तो विष्णू होतो. भागवतात राजाचं नाव सत्यव्रत, तो द्रविड देशाचा आणि मासा कृतमाला नदीत सापडतो, म्हणजे गोष्ट सांगणारे जिथे गेले तिथली नदी आत आली. मला हे वाचताना भरून येतं खरंच, कारण दर पिढीने त्यात आपलं काही ना काही घातलंय. पण म्हणूनच भागवतातल्या तपशिलावरून तारीख काढत बसणं मला चूक वाटतं, इतिहास शोधायचाच तर सगळ्यात जुन्या पाठापासून शोधा.

सह्याद्री_कडा:
वरच्या दोघांचा अभ्यास मानतो, पण मला पटलेलं नाही. प्रत्येक वेळी आपल्या पूर्वजांनी कल्पनाच केली असं का धरून चालायचं? हिमालयात समुद्रातले शंख मिळतात हे तर शास्त्रज्ञच सांगतात. आमच्या देवघरात आजोबांच्या वेळचा शाळिग्राम आहे, एका बाजूने फुटलाय आणि आत चक्र स्पष्ट दिसतं, तो समुद्रातला जीव आहे म्हणतात. मग डोंगरावर पाणी होतं की नव्हतं? शिवाय हिमयुग संपताना समुद्र वर आला हेही खरं ना?

खडक_आणि_गाळ:
दादा, प्रश्न रास्त आहे. शाळिग्राम नेपाळच्या काली गंडकी नदीतून येतो आणि ते चक्र म्हणजे अमोनाइट, साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रजीव. हातात घेऊन बोट फिरवलंत तर कडेच्या बारीक बारीक कंगोऱ्या लागतील, त्या त्याच्या शिंपल्याच्या. पण पाणी डोंगरावर चढलं नाही, तळ वर आला. तिथे टेथिस समुद्र होता, भारताचा तुकडा आशियाला धडकला आणि समुद्राचाच तळ उचलला जाऊन हिमालय झाला. माणूस तेव्हा नव्हताच, माणसाला झाली जेमतेम ३ लाख वर्षं. आणि पृथ्वीवरचा सगळा बर्फ आज वितळला तरी समुद्र ६५ ते ७० मीटर चढेल, एव्हरेस्ट ८८४९ मीटर. तेवढं पाणी आणायचं कुठून?

हिमयुगाचं मात्र तुमचं बरोबर आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता, इराणचं आखात कोरडं होतं, आपल्या कोकणापुढचीही बरीच जमीन उघडी होती. ती सगळी बुडाली, पण हजारो वर्षांत हळूहळू. काळ्या समुद्रात भूमध्य समुद्राचं पाणी एकदम घुसलं असं रायन आणि पिटमन या भूशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मांडलं, त्यावर अजून वाद आहे. किनारा मागे सरकल्याची आठवण गोष्टीत उतरली असेल हे मी नाकारत नाही, फक्त सबंध पृथ्वी एकाच वेळी बुडाली याला खडकात आधार नाही.

खेडवाली:
मी अभ्यासक नाही पण राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी खेडची, रत्नागिरी जिल्ह्यातलं, आमच्या नदीचं नावच जगबुडी. वरून पाऊस आणि खालून भरती एकदम आली की पाणी जायला जागा राहत नाही, ते बाजारात शिरतं. २००५ ला शिरलं, २०२१ च्या जुलैत परत. माझ्या आजेसासूबाई २००५ चं सांगायच्या तेव्हा म्हणायच्या, "अगो, सगळा मुलूख बुडाला." आता मुलूख म्हणजे काय, तर माळ्यावरून त्यांना जेवढं दिसत होतं तेवढा. ओटीच्या खांबावर अजून त्या पाण्याची तेलकट रेघ आहे, दोनदा रंग दिला तरी वर येतेच. सासूबाई ती रेघ खांद्याएवढी सांगतात आणि माझा धाकटा दीर लोकांना डोक्यावर हात नेऊन दाखवतो. वीसच वर्षं झालीत आणि रेघ समोर आहे तरी.

त्या बाई खोटं बोलत नव्हत्या हो. त्यांचा मुलूख खरंच बुडाला होता.

अनुष्टुभ:
खेडवाली ताई, अगदी हेच हिब्रूत आहे. बायबलमध्ये जो शब्द आलाय, एरेत्स, त्याचा अर्थ पृथ्वी पण होतो आणि आपला प्रदेश, मुलूख पण होतो. भाषांतरात मात्र पृथ्वी आली.

सह्याद्री_कडा:
शाळिग्रामाचं समजलं, आत्ताच परत हातात घेऊन बघितलं, कंगोऱ्या आहेत खऱ्या. पण कथेला नुसती कथा म्हणायला मन तयार नाही. निदान पूर खरा होता एवढं तरी माना.

मातीची_वीट:
मानतोच की, पूर खरे होतेच, गाळ साक्ष देतोय. फक्त तो 'एक' पूर नव्हता.

पाणवठा:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाबांना शतपथातली ओंजळीतल्या माशाची गोष्ट वाचून दाखवली. विष्णू नाही म्हटल्यावर आधी गप्प झाले, मग म्हणाले परत वाच, खड्ड्यापासून समुद्रापर्यंत त्याला नेलं कसं ते लिहिलंय का? अनुष्टुभ, लिहिलंय का हो?