मदत हवी आहे : आजोबांच्या दुनळीवर गंज चढतोय, कोणतं तेल लावू?

धानाचा_बांध
नागभीड तालुक्यातलं गाव. आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. नळीवर तांबूस ठिपके आलेत, लाकडी दस्ता कोरडा पडून चिरतोय. खोबरेल चालेल की शिलाई मशीनचं तेल? यूट्यूबवर परदेशी फवारे सांगतात, ते इकडे मिळत नाहीत. दिवाळीत काका येणार, त्याआधी चकचकीत करायची आहे. जरा लवकर सांगा.

मोहफूल७२
खोबरेल नको बाप्पा. थंडीत थिजते, नंतर चिकट होऊन त्यावर धूळ बसते. आमच्या घरी घासलेटच लावत होते, मस्त राहते.

वर्धेकाठचा
घासलेटने गंज सुटतो, पण ते उडून जातं आणि नळी पुन्हा उघडी पडते. वरून मशीनच्या तेलाचा हात हवाच. बंदूक ठेवता कशात?

धानाचा_बांध
चामड्याच्या कव्हरात. आजोबांच्या वेळेपासून तसंच.

वर्धेकाठचा
मग गंज तिथूनच येतोय. चामडं ओल धरून ठेवतं. कव्हर फक्त ने-आण करायला. एरवी पुसून, कोरड्या जागी, नळीचं तोंड खाली करून ठेवायची, म्हणजे तेल दस्त्यात झिरपून लाकूड कुजत नाही. दस्त्याला जवसाचं तेल, चार थेंब तळहातावर घेऊन चोळा. नळीला मात्र जवस नको, वाळून साय धरते.

दप्तरी_काका
तेलाचं राहू द्या. लायसन कोणाच्या नावावर आहे?

धानाचा_बांध
आजोबांच्याच.

दप्तरी_काका
आणि आजोबा?

धानाचा_बांध
मागच्या उन्हाळ्यात गेले. त्याचा गंजाशी काय संबंध जी?

दप्तरी_काका
बेटा, सगळा संबंध तिथंच आहे. लायसन माणसाचं असते, बंदुकीचं नाही. ते आजोबांसोबत संपलं. आज ती बंदूक तुझ्या घरात विनापरवाना आहे. 1959 चा शस्त्र कायदा, त्यात 2019 ला दुरुस्ती झाली. विनापरवाना बंदुकीला आता कमीत कमी 2 वर्षं, जास्तीत जास्त 5. त्याच कायद्याचं कलम 21 म्हणते की ताबा बेकायदा झाला की विलंब न करता जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करा. काडतुसं असतील तर तीही. आधी ठाण्यात फोन कर, कशी आणू ते विचार, आणि पावती घेतल्याशिवाय हलू नको. पावतीवर बंदुकीचा नंबर बघून घे.
मग वारस म्हणून अर्ज. 2016 च्या शस्त्र नियमांत नियम 25 त्यासाठीच आहे. नमुना ए-1, मृत्यू दाखला, बाकी वारसांची ना हरकत. काका येणारच आहेत ना, त्यांची सही तेव्हाच घे.
खरं तर आजोबा हयात असतानाही हे होत होतं. लायसनदार 70 वर्षांचा झाला किंवा बंदूक बाळगून 25 वर्षं झाली की वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी वाचून ठेवा.

पांढरं_सोनं_यवतमाळ
एवढ्या भानगडी कायले? विहिरीत टाका, मोकळे व्हा.

दप्तरी_काका
असे सल्ले देऊ नका. बंदुकीचा नंबर सरकारी नोंदीत आहे. उद्या ठाण्यातून विचारणा झाली तर विहीर उपसून दाखवणार का?

मोहफूल७२
ठाण्यात ठेवू नका एवढंच सांगतो. आमची निवडणुकीत जमा केली होती, परत आली तेव्हा कुदळीच्या दांड्यासारखी दिसत होती. विक्रेत्याकडं भाडं लागते, पण पुसून तरी ठेवतात.

वर्धेकाठचा
नळीवर नागमोडी रेषांचं नक्षीकाम आहे का? असेल तर ती दमास्कस नळी, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली. तिला पॉलिश कागद लावाल तर नक्षी जाईल. लायसन मिळालं तरी आजची काडतुसं तिच्यात उडवायची नाहीत. त्या नळ्या बहुतेक बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या काळातल्या. जाणकार कारागिराला नळीवरची छाप वाचायला लावा.

धानाचा_बांध
रेषा आहेत बारीक. फोटो टाकलाय. माळ्यावर एक ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक पण आहे, तिचं लायसन सापडत नाही.

दप्तरी_काका
हे आत्ता सांगतो? कागद नसतील तर आधी वकील गाठ, त्यांच्यामार्फतच जमा कर. आणि 2019 नंतर वारसा हक्कानंही दोनच्या वर बंदुका ठेवता येत नाहीत, घरात आणखी असेल तर आजच बोल.

वर्धेकाठचा
ठासणीच्या तोंडात डोकावू नका आणि घोड्याला हात लावू नका! पूर्वी लोक भरून ठेवायचे, दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत राहते. जाणकार माणूस बाजूला उभा राहून गज आत सोडतो, तोंडाशी खूण करतो, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघतो. खूण तोंडाशी धरून गजाचं टोक मागच्या कान्यापर्यंत, म्हणजे दारू पेटते त्या भोकापर्यंत, पोचलं नाही तर आत काहीतरी बसलंय. हे तुम्ही करायचं नाही. ठाण्यात पहिल्यांदा हेच सांगा.

पांढरं_सोनं_यवतमाळ
ठासणीची शेतरक्षणाच्या लायसनवर होते ना? रानडुकरानं तूर साफ केली आमची.

दप्तरी_काका
लायसन मिळेल, पण त्याने जनावर मारायची परवानगी मिळत नाही. ती वन खात्याकडून वेगळी. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

ताडोबाची_लेक
दादा, फोटोत मागं भिंतीवर सांबराची शिंगं आहेत. त्यांचं मालकी प्रमाणपत्र आहे का? वारशानं आली तर 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडं कळवावं लागतं. प्रमाणपत्र असेल पण शिंगं ठेवायची नसतील तर स्वतःहून जमा करायची सोय 2022 च्या दुरुस्तीत आहे. आणि तो फोटो आधी काढा इथून.

धानाचा_बांध
फोटो काढला. वकिलांना फोन लावलाय, ते उद्या सकाळी ठाण्यात येतो म्हणाले. आजी म्हणते शिंगं तिच्या सासऱ्याच्या काळची, कागद ट्रंकेत असतील. ट्रंकेची किल्ली काकांकडं.

मोहफूल७२
म्हणून सांगत होतो, घासलेट.

पांढरं_सोनं_यवतमाळ
रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) सौर कुंपणाचा अर्ज वन खात्याकडं करायचा की कृषीकडं? कोणी भरला आहे का?