वायूचा दाब वाढवला, तरी कोळशाची पारगम्यता (वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता) घटते, असे का?

प्रश्न (एम.टेक. विद्यार्थी, सोलापूर)
आमच्या जिल्ह्यात जमिनीखाली सगळा काळा बेसॉल्ट. कोळसा दिसतो तो फताटेवाडीच्या वीजकेंद्राकडे जाणाऱ्या मालगाडीतच. तरी प्रकल्पासाठी बल्लारपूरकडचा एक दंडगोल नमुना मिळाला आहे. बाहेरून 6 मेगापास्कल दाब कायम ठेवून मी त्यातून मिथेन सोडला. आतला दाब वाढला की भेगा उघडतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात 2 मेगापास्कलपर्यंत पारगम्यता घटत गेली आणि मग सावकाश वाढू लागली. शिवाय झडप बंद केल्यावरही दाबमापकाचा काटा तासन्‌तास उतरत राहतो. यंत्र गळते आहे का?

उत्तर १
बहुधा नाही. मिथेन भेगांमध्ये नुसता साठत नाही, तर कोळशाच्या सूक्ष्म रंध्रांच्या पृष्ठभागाला सावकाश चिकटत राहतो, म्हणूनच काटा उतरत राहतो. चिकटलेल्या वायूमुळे कोळसा फुगतो आणि बाहेरून आवळलेला असल्याने हे फुगणे बरेचसे भेगांच्या जागेवरच अतिक्रमण करते. एकाच भेगेची रुंदी निम्मी झाली, तर तिच्यातून जाणारा प्रवाह एक अष्टमांशावर येतो. मात्र चिकटणाऱ्या वायूचे प्रमाण आरंभी झपाट्याने वाढते आणि पुढे मंदावते, उलट आतल्या दाबाने भेगांवरचा परिणामी ताण (बाहेरचा दाब वजा आतला दाब) हलका होणे चालूच राहते. म्हणून आलेख खाली जाऊन पुन्हा वर वळतो. अगदी कमी दाबाला संशोधक क्लिंकेनबर्ग यांनी 1941 मध्ये मांडलेला, भिंतीलगत वायू घसरण्याचा परिणामही पारगम्यतेचा आकडा फुगवतो, त्याची दुरुस्ती आधी करावी.

उत्तर २
वरील उत्तरात एक भर घालतो. चिकटलेला वायू कोळशाची मजबुतीही कमी करतो, म्हणून दाब एकदम सोडू नका. खाणीत कोळसा आणि वायू अचानक उसळून बाहेर येतात त्यामागे हेही एक कारण असते. गळतीचा संशय फेडायचा असेल, तर हेलियम वापरा. तो कोळशाला जवळजवळ चिकटत नाही आणि गळायला मिथेनपेक्षा अधिक तत्पर असतो.

मूळ प्रश्नकर्ता
हेलियमची टाकी पुण्याहून मागवावी लागली, पण काम झाले. रात्रभर झडप बंद ठेवली, सकाळी काटा जागच्या जागी होता. नमुना निर्वात करून पुन्हा मिथेन भरल्यावर तो पूर्वीसारखाच उतरू लागला. यापुढे प्रत्येक टप्प्यावर काटा स्थिरावल्याशिवाय नोंद घेणार नाही. आधीच्या नोंदी दोन-दोन तासांत उरकल्या होत्या, त्या बाद करतो.