शब्दचर्चा : मणक्यांचे ‘स्थैर्य’, सळईची ‘ताठरता’

शब्दसेतू : कंबरेच्या मणक्यांना इजा झाल्यावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेविषयीच्या एका माहितीपुस्तिकेचा मी अनुवाद करत आहे. या शस्त्रक्रियेत मणक्यांत स्क्रू बसवून ते धातूच्या सळईने एकमेकांना बांधतात. ‘सळई जाड घेतल्याने बांधणीची ताठरता वाढते, परंतु त्यामुळे मणक्यांचे स्थैर्य वाढेलच असे नाही,’ असे वाक्य मी लिहिले होते. संपादकांनी दोन्ही ठिकाणी ‘दृढता’ घातल्यामुळे आता ते वाक्य स्वतःलाच खोडून काढते. ताठरपणा हा माणसाच्या स्वभावाचा गुण आहे, धातूचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी मत द्यावे.

मोजपट्टी : ‘ताठरता’ ठेवावीच. ठरावीक भाराखाली वस्तू किती कमी वाकते, त्याचे ते माप आहे. गोल सळईची वाकण्याविरुद्धची ताठरता व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणून ५.५ मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटरची सळई घेतली, तर केवळ अर्ध्या मिलिमीटरने ती सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. तेवढ्याच जाडीची टायटॅनियमची सळई पोलादी सळईच्या जवळपास निम्मीच ताठर असते, पण म्हणून ती कमकुवत ठरत नाही. बळकटी हा तिसराच गुण आहे. ‘दृढता’ म्हटले की हे तिन्ही गुण एकमेकांत मिसळून जातात.

निरुक्त : ‘स्थिर’ शब्दात ‘स्था’ धातू आहे, आणि इंग्रजीतल्या ‘स्टेबल’चे लॅटिन मूळही त्याच प्राचीन कुळातले आहे. म्हणजे या शब्दाचा गाभा उभे राहणे हा आहे, आणि कण्याचे कामही तेच. असा नेमका शब्द घरात असताना ‘रॉड’, ‘स्क्रू’, ‘फ्यूजन’ (मणक्यांची हाडे एकमेकांना जुळणे) कशासाठी? ‘दंडिका’ आणि ‘अस्थिसंयोजन’ रूढ करायला हवेत.

कशेरुका : उभे राहणे एवढाच अर्थ घेतला तर अर्धी गोष्ट निसटते. कण्याच्या यंत्रशास्त्राचे अभ्यासक व्हाइट आणि पंजाबी यांनी केलेल्या स्थैर्याच्या व्याख्येचा आशय असा, की रोजच्या भाराखाली मणक्यांनी आपसातली मांडणी अशी राखावी, की मज्जारज्जूला किंवा मज्जातंतूंच्या मुळांना इजा होणार नाही, कण्याला मोठे व्यंग येणार नाही आणि माणसाला जखडून टाकणारी वेदना होणार नाही. हालचाल बंद करण्याची अट त्यात नाही. १९९२ मध्ये मनोहर पंजाबी यांनी ‘न्यूट्रल झोन’ची कल्पना मांडली : कणा मधल्या स्थितीत असताना अगदी थोड्या जोरानेही मणका जिथे सहज सरकतो, तो पट्टा. निरोगी कण्यातही असा सैलपणा असतो. इजेनंतर तो वाढतो, आणि एकूण हालचालीत फारसा फरक दिसत नसतानाही वाढलेला असू शकतो. मी त्याला सरळ ‘सैलपणा’ म्हणेन.

स्वानुभव : माझा कंबरेचा पहिला मणका चिरडला होता. ‘स्क्रू आणि रॉड आधारापुरते आहेत, हाड जुळवायचे काम तुमच्या शरीराचे,’ असे शल्यचिकित्सकांनी मला सांगितले, आणि त्या ‘जुळणे’ या क्रियापदाने माझे पुढचे सगळे महिने निभावून नेले. ‘संयोजन’ दुसऱ्या कोणीतरी करायचे असते. ‘हाड जुळते’ म्हटल्यावर कर्ता हाडच राहते. निरुक्त यांना माझा विरोध एवढ्यासाठीच आहे.

मोजपट्टी : हे यंत्रशास्त्रालाही धरून आहे. उभ्या कण्याचा बहुतांश भार मणक्याच्या पुढच्या भागातून, म्हणजे मणक्याचा मुख्य गोळा आणि चकती यांतून जातो. तो भाग चिरडला आणि आधार फक्त मागे बसवला, तर प्रत्येक हालचालीत सळई व स्क्रू वाकू पाहतात. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा धातूही थकतो. त्याआधी हाड जुळले पाहिजे.

निरुक्त : क्रियापदापुरते मान्य आहे. पण परिभाषेला नामे लागतात, आणि ‘जुळणे’पासून पाठ्यपुस्तकात चालेल असे नाम कोणते?

शब्दसेतू : ‘जुळणी’ म्हटले तर यंत्राचे भाग एकत्र करण्याचा अर्थ येतो. माझा मूळ प्रश्न ताठरतेचा होता, पण पुढच्याच पानावर ‘स्क्रूचे शिथिलीकरण’ आले आहे. तेही संपादकांचेच.

कशेरुका : तो शब्द कृपया बदलावा. ‘शिथिलीकरण’ आपण स्नायूंसाठी, आराम देणाऱ्या अवस्थेसाठी वापरतो. रुग्णाला ती चांगली बातमी वाटेल. स्क्रू वारंवार वर-खाली हलून हाडातले भोक रुंदावते तेव्हा तो ‘ढिला पडतो’, आणि सरळ ताणाने बाहेर येतो तेव्हा ‘उपटून येतो’. ठिसूळ हाडांत दोन्हींचा धोका वाढतो, आणि सळई कितीही ताठर असली तरी तिथे ती कामी येत नाही, कारण तिचा भार शेवटी स्क्रूच्या पकडीवरच येतो. ढिल्या पडलेल्या स्क्रूभोवती क्ष-किरण चित्रात काळसर कडा दिसते. ती पाहिल्यावर ‘ढिला’ सोडून दुसरा शब्द माझ्या तरी तोंडी येत नाही.