वाक्याच्या शेवटी चढणारा आवाज

प्रश्न: मुलाखतीत उत्तर पक्के ठाऊक असूनही वाक्य संपताना माझा आवाज वर चढतो आणि समोरच्यांना मी साशंक वाटते. काय करावे?

उत्तर १: ताई, मराठीत ‘तो आला’ आणि ‘तो आला?’ यांत शब्द तेच असून फरक केवळ स्वराचा आहे; त्यामुळे ‘मी तीन वर्षे हिशेब सांभाळले’ हे विधान चढत्या स्वरात संपले, तर आपण संमती मागत आहात असे ऐकणाऱ्याला वाटते. ‘सांभाळले’वर स्वर उतरवून क्षणभर थांबावे.

उत्तर २: श्वास अपुरा पडल्यास शेवटचे शब्द गिळले जातात, हेही पाहावे. मात्र प्रत्येक वाक्य आपटू नये. ते उद्धट वाटते.

प्रश्नकर्ती: काल मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकले. स्वतःचे नावसुद्धा मी प्रश्नासारखे उच्चारत होते. मनापासून आभार.