हुबेहूब दृश्ये, पण चेहरे का खटकतात?

प्रश्न: व्हिडिओ गेममधील दगड, पाणी आणि धुके आता छायाचित्राइतके खरे वाटतात, तरीही त्याच दृश्यातील माणूस बोलू लागला की मन बिचकते, असे का होते?

प्रतिसाद १: जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये यंत्रमानवांविषयी हेच मांडले होते: प्रतिकृती माणसाच्या अगदी जवळ पोहोचूनही पूर्ण जुळली नाही, तर आपुलकीऐवजी अस्वस्थता वाटते. त्वचेत शिरून विखुरणारा प्रकाश, डोळ्यांतील ओलावा, बुबुळांची सूक्ष्म हालचाल यांतले काहीही चुकले तरी ते तत्काळ जाणवते, कारण चेहरे वाचण्याचा सराव आपल्याला तान्हेपणापासून असतो. दगडांचा तसा नसतो.

प्रतिसाद २: वेळेचे बंधनही आहे. ॲनिमेशनपटाच्या एका फ्रेमवर संगणक कित्येक तास राबू शकतो, परंतु सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या गेमला प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात; म्हणूनच रे ट्रेसिंगमध्ये, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याच्या पद्धतीत, मोजकेच किरण वापरून त्यामुळे चित्रात येणारा दाणेदारपणा नंतर गाळून काढावा लागतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग माझ्या मते त्वचेची छिद्रे रंगवण्यापेक्षा नजर आणि ओठांच्या हालचालीवर अधिक कष्ट घेतले जावेत.